हिशोबाची वही

वाचकहो, मागे एकदा काही कामानिमित्त आम्हांस इंदूरला जावे लागले. काम लवकर आटोपले व एक दिवस हाती उरला, म्हणून उदयनगरला जाण्याचे ठरविले. देवास जिल्ह्यातील त्या गावी धन्यवादित सिस्टर राणी मारिया यांची कबर आहे.

बसमध्ये तिकिटासाठी आम्ही पाचशेची नोट पुढे केली. कंडक्टरजवळ सुटे पैसे नव्हते, आमच्याजवळही नव्हते. तेव्हा तो त्रासून म्हणाला, पुढच्या थांब्यावर उतरा. इतक्यात शेजारच्या एका वृद्ध बाईने पदराची गाठ सोडली आणि आमचे तिकीट काढले. पैसे कोठे पोचते करावे, असे आम्ही विचारले. "रहने दो, बाबा," एवढेच बोलून ती आपले गाठोडे उचलून मधल्याच एका गावी उतरून गेली. आम्ही कोण, कोठले, हेही तिने विचारले नाही.

आम्ही निघालो होतो त्याच बाजूच्या प्रवासात, २५ फेब्रुवारी १९९५ रोजी, सिस्टर राणी मारिया यांचा बळी गेला होता. मूळच्या केरळच्या या धर्मभगिनी १९९२ पासून उदयनगर परिसरातील गरीब आदिवासींमध्ये कार्य करीत होत्या. सावकाराच्या पाशातून लोकांनी सुटावे, आपला हक्क ओळखावा, यासाठी त्या झटत. ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांनी समुंदरसिंह नावाच्या तरुणास पुढे केले. इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये सहप्रवाशांदेखत त्याने त्यांच्यावर सुऱ्याचे चाळीसहून अधिक वार केले. त्यांचे वय तेव्हा ४१ वर्षांचे होते.

पुढे जे घडले ते अधिक विलक्षण आहे. राणी मारिया यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल २००२ साली तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्या मारेकऱ्याच्या हाती राखी बांधून त्यास भाऊ मानले. त्यांच्या वृद्ध मातेनेही ज्या हातांनी आपली लेक मारली, त्याच हातांचे चुंबन घेतले. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली व २००६ साली तो मुक्त झाला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

त्या कबरेपाशी गुडघे टेकले असता आम्हांस प्रार्थना सुचेना. आमच्या मनात आमचे धाकटे बंधू उभे राहिले. वडिलांच्या पश्चात शेताचा एक तुकडा त्यांनी आम्हांस न विचारता विकला, यावरून चार वर्षे आमचा अबोला होता. दर रविवारी वेदीवरून आम्ही क्षमेचा उपदेश करीत होतो, आणि मनातल्या वहीत त्या तुकड्याचा हिशोब व्याजासह मांडीत होतो. बसमधल्या त्या बाईने मात्र आपली वही उघडलीच नव्हती!

दान आणि क्षमा ही दोन वेगळी पुण्ये आहेत, असे आम्ही आजवर समजत होतो. तसे नाही. जो येणे सोडून देतो तो दाता, आणि अपराधाचे येणे सोडून देतो तो क्षमाशील. किती वेळा क्षमा करावी, असे संत पेत्राने विचारले, तेव्हा प्रभूने मोजणेच बंद करावयास सांगितले, ते याचसाठी.

त्याच रात्री इंदूरहून आम्ही बंधूंना फोन केला. दोन्हीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "दादा, जेवलात का?" आमचा कंठ दाटून आला. शेत परत आले नाही, येणारही नाही. परंतु नाताळात आम्ही एका पंगतीस बसलो.

वाचकहो, बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, लग्नातल्या मानपानावरून अबोला धरलेली घरे कोणत्या धर्मग्रामात नाहीत? क्षमा करणे म्हणजे अन्यायास न्याय म्हणणे नव्हे. सिस्टर राणी मारिया तर अन्यायाविरुद्धच उभ्या होत्या. क्षमा म्हणजे वैराचा हिशोब बंद करणे. येत्या रविवारी मिस्सेत शेजाऱ्यास शांती देण्यापूर्वी, ज्याच्या दाराशी आपण वर्षानुवर्षे गेलो नाही, त्याच्याकडे एकदा जाऊन यावे. पहिला शब्द सापडला नाही, तर जेवण झाले का, एवढे विचारले तरी पुरे.