झोजी खिंडीपासून सायप्रसपर्यंत

वाचकहो, रणांगणावर विजय मिळविणाऱ्या सेनापतींची नावे आपल्या ओठांवर सहज येतात. परंतु हाती बळ असूनही ते आवरून धरण्याचे काम ज्याच्यावर सोपविले जाते, त्याच्या धैर्याचे स्मरण आपण क्वचितच करतो. जनरल कोदंडेर सुबय्या थिमय्या ह्यांना ह्या दोन्ही कसोट्यांना उतरावे लागले. म्हणून ह्या वेळी त्यांच्या चरित्राचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

३१ मार्च १९०६ रोजी कोडगूमधील मडिकेरी येथे त्यांचा जन्म झाला. डेहराडूनच्या सैनिकी विद्यालयातून ते इंग्लंडमधील सँडहर्स्टला गेले व १९२६ साली सैन्यात अधिकारी झाले. भारतीय अधिकाऱ्याला युद्धात पलटणीचे नेतृत्व पेलेल काय, अशी शंका त्या काळी अनेक ब्रिटिश वरिष्ठांच्या मनात असे. १९४५ च्या आरंभी ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर, कांगाव येथील घनघोर लढाईत, तिला उत्तर मिळाले. जपानी सैन्याशी झुंजणाऱ्या ५१ व्या ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही 'डी. एस. ओ.' हा सन्मान लाभला.

स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या युद्धात थिमय्यांची कीर्ती देशभर पसरली. १९४८ साली लेहला वेढा पडू लागला, तेव्हा मे महिन्यात एअर कमोडोर मेहरसिंग ह्यांनी तेथील नव्या धावपट्टीवर पहिले विमान उतरविले. त्या विमानात थिमय्या स्वतः होते. लेहकडे जाणारी, सुमारे ११,५०० फूट उंचीवरील झोजी खिंड मात्र शत्रूच्या ताब्यात होती. पायदळाचे हल्ले निष्फळ ठरल्यावर तेथे रणगाडे चढविण्याचे ठरले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी बालतालपासून वर वाट तयार केली, आणि १ नोव्हेंबर १९४८ रोजी बर्फ पडत असताना सातव्या कॅव्हलरीचे रणगाडे खिंडीत शिरले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील, हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. तो महिना सरण्यापूर्वीच कारगिल हाती आले व लेहचा मार्ग मोकळा झाला.

पाच वर्षांनी त्यांच्या वाट्याला अगदी वेगळे कार्य आले. १९५३ साली कोरियातील युद्ध थांबले. पण मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या २२,००० हून अधिक युद्धबंद्यांचा प्रश्न शिल्लक राहिला. त्यासाठी नेमलेल्या पाच तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्षपद थिमय्यांकडे आले, आणि बंद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख होते त्यांचे कांगावचे सहकारी थोरात. छावण्यांतील वातावरण स्फोटक होते. बंद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत ओढून नेले, तेव्हा थोरात स्वतः त्या जमावात गेले आणि समजुतीच्या बोलण्याने त्याची सुटका करून परतले. एका प्रसंगी गोळीबार करावा लागून बंद्यांचे प्राणही गेले. दोन्ही पक्षांचे आरोप सोसावे लागले. तरीही १९५४ च्या आरंभी हे काम संपविताना भारतीय सैनिकांनी तटस्थतेचे ब्रीद सोडले नव्हते.

१९५७ ते १९६१ थिमय्या स्थलसेनेचे प्रमुख होते. १९५९ साली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन ह्यांच्याशी झालेल्या मतभेदांतून त्यांनी राजीनामा दिला आणि पंतप्रधान नेहरूंच्या आग्रहावरून तो मागे घेतला. निवृत्तीनंतर, १९६४ साली, ग्रीक व तुर्क समाजांच्या कलहाने होरपळलेल्या सायप्रस बेटावरील राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचे नेतृत्व त्यांनी स्वीकारले. तेथेच १८ डिसेंबर १९६५ रोजी, कामावर असताना, त्यांचे निधन झाले. सायप्रसने पुढे त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुलांना झोजी खिंडीतील रणगाड्यांची हकीकत सांगाल, तेव्हा कोरियातील त्या छावण्यांचीही अवश्य सांगा. आपल्यावर संतापलेल्या निःशस्त्र माणसांसमोर बंदूक खाली ठेवून उभे राहणे किती कठीण असते, हे त्यांनाही कळू द्या.