वहीपूजन आणि देण्याचें पान

दिवाळीच्या पाडव्यास आमच्या पेठांतून नव्या वह्यांची पूजा होते. कित्येक दुकानांत वहीची जागा संगणकानें घेतली आहे. तरी त्या यंत्रासही त्या दिवशीं हळदकुंकू लागतें आणि कोठें तरी 'शुभ लाभ' हीं अक्षरें उमटतातच. देण्याच्या पानावर काय आहे हें मात्र पूजेच्या वेळीं कोणी पाहत नाहीं. तेथें पिशव्या शिवणाराचे, पुठ्ठ्याचीं खोकीं करणाराचे, सुटे भाग कातून देणाऱ्या लहान कारखानदाराचे पैसे पडलेले असतात. कोणाचे तीन महिने, कोणाचे आठ.

व्यापारांत यश हवें असेल तर संबंध जोडावे, हा उपदेश अलीकडे फार ऐकूं येतो. त्यासाठीं व्याख्यानें होतात, मेजवान्या होतात. यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु हे संबंध बहुधा वरच्या दिशेचे असतात. ज्याच्याकडून कर्ज, कंत्राट किंवा परवाना मिळावयाचा त्याच्याशीं गोडी. आणि ज्याचें आपण देणें लागतों त्याला 'पुढच्या सोमवारीं या'. पेढीची खरी पत या दुसऱ्या नात्यांत कळते, असें आम्हांस वाटतें.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण मराठी वाचकांस ठाऊक आहे, पण तें पुष्कळदां चुकीच्या बाजूनें सांगितलें जातें. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १९१० सालीं त्यांस कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर जागा दिली व दहा हजार रुपयांच्या कर्जाची सोय केली. तेव्हां राजाश्रय मिळाला म्हणून कारखाना उभा राहिला, असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु नांगर राजा विकत घेणार नव्हता. घेणार होता तो शेतकरी, आणि त्याची समजूत अशी कीं, लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. अशा गिऱ्हाइकाशीं नातें मेजवानीनें जुळत नाहीं. नांगर त्याच्या रानांत टिकावा लागतो. पुढें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक निघालें, तेंही प्रारंभीं कारखान्याची हकीगत ग्राहकांस कळावी म्हणूनच. शिवाय किर्लोस्करवाडींत लक्ष्मणरावांनीं अस्पृश्यता पाळूं दिली नाहीं, आणि तुरुंगांतून सुटून आलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलें. आमच्या जुन्या पेढ्यांचा विश्वास जातीच्या व सोयरिकीच्या कुंपणाआंत वावरे. या गृहस्थांनीं तो कुंपणाबाहेरच्या माणसावर टाकला. हा धडा राजाश्रयाच्या धड्याहून मोठा आहे, व गिरविण्यास अधिक कठीण आहे.

आतां कायद्याकडे वळूं. लघुउद्योगांसाठीं २००६ सालीं झालेल्या अधिनियमान्वयें मालाचे पैसे लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, व करार असला तरी फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. त्यापुढें रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागूं होतें. असें असूनही हें व्याज मागणारा कारखानदार आमच्या पाहण्यांत क्वचितच आला. मागेल कोण? एकदां व्याज मागितलें कीं, दुसरी मागणी यावयाची नाहीं. म्हणून २०२३ च्या वित्त अधिनियमानें प्राप्तिकराचा चिमटा लावला: मुदतींत पैसे न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च करांतून वजा होऊं नये. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अंमलांत आली, आणि एक चमत्कारिक प्रकार झाला. ज्यांच्या रक्षणार्थ ती केली, त्यांपैकींच कित्येकांनीं भीति बोलून दाखविली कीं, आतां बडा खरेदीदार आपणांस सोडून नोंदणी नसलेल्याकडे जाईल. आपल्या हक्काचे पैसे वेळेवर मिळण्याचीच ज्याला धास्ती वाटते, त्याच्याशीं असलेल्या आपल्या व्यवहारास 'वीस वर्षांचा घरोबा' म्हणणें ही निव्वळ थट्टा होय. (केवळ खरेदीविक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास या मुदतीचें संरक्षण नाहीं, ही उणीव आहेच, तिच्याविषयीं व्यापारी मंडळांनीं बोलावें. पण ज्यांस संरक्षण आहे त्यांचे पैसे आधीं द्यावे, मग बोलावें.)

'आमचेच पैसे वर अडकले, खालीं कोठून देऊं?' असा प्रश्न येईल. तो अगदींच खोटा नाहीं. सरकारी खातीं व मोठ्या कंपन्या या बाबतींत स्वतः फारशा निर्मळ नाहींत. परंतु अडचण असेल तर ती तोंडानें सांगतां येते, तारीख देतां येते, निम्मी रक्कम पाठवितां येते. लहान माणूस अडचण समजून घेतो, कारण ती त्याच्या रोजच्या ओळखीची असते. त्यास सलतो तो हेलपाटा, आणि मालक गल्ल्यावर बसलेले असतांना 'शेठ बाहेर गेले आहेत' हें कारकुनाचें उत्तर.

येत्या पाडव्यास नव्या वहीला कुंकू लावण्यापूर्वीं प्रत्येक मालकानें देण्याचें पान स्वतः काढावें, कारकुनावर सोडूं नये. पंचेचाळीस दिवसांपुढच्या रकमा दुपारपर्यंत चुकत्या कराव्या. बँकेला सुट्टी आहे ही सबब आतां चालण्यासारखी नाहीं. पैसे पाठविण्याची यंत्रणा सणासुदीसही अहोरात्र उघडी असते.