अ‍ॅपवरच्या हिरव्या ठिपक्याने गाडी चार्ज होत नाही, साहेब

पोस्ट मोठी आहे. ईव्ही घेतलेल्यांनी, घ्यायच्या विचारात असलेल्यांनी आणि विशेषतः चार्जिंग स्टेशनच्या फिती कापणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

मागच्या महिन्यात आईला घेऊन मेहकरहून पुण्याला निघालो. आईला शुगर आहे, डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालाय, दर काही आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. डॉक्टरांची वेळ दुपारी साडेतीनची. गाडी मेहुण्याची, इलेक्ट्रिक, वर्षभर जुनी. रात्री घरी लावून शंभर टक्के केलेली. सकाळी सातला निघालो. अंतर चारशेच्या आतबाहेर. हिशेब असा की वाटेत एकदा पाऊण तास थांबायचं, चहा-नाश्ता, आणि अडीचपर्यंत पुणे.

पोचलो संध्याकाळी साडेसहाला. डॉक्टर निघून गेले होते. पुढची वेळ दोन दिवसांनी मिळाली.

आता लगेच कमेंटमध्ये येऊ नका की "बघा, म्हणून आम्ही डिझेलच घेतो." गाडीने काहीही चूक केलेली नाही. काय झालं ते नीट सांगतो, म्हणजे चूक कुणाची हे तुम्हालाच दिसेल.

समृद्धीने संभाजीनगरपर्यंत दीडेकशे किलोमीटर मजेत आलो. कागदावर पावणेपाचशे किलोमीटर रेंज सांगितलेली ही गाडी साध्या रस्त्यावर तीनशे देते आणि समृद्धीवर एकशे दहाच्या वेगाने पळवली की अडीचशे-दोनशे साठवर येते. हे मेहुण्याला माहीत होतं. संभाजीनगरला बेचाळीस टक्के शिल्लक. अ‍ॅप म्हणालं, नेवासा फाट्याच्या आसपास फास्ट चार्जर आहे, साठ किलोवॅट, दोन गन, हिरवा ठिपका, 'उपलब्ध'. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तिथेच करू, नाश्ताही होईल." शहराच्या गर्दीत कशाला शिरायचं म्हणून आम्ही पुढे निघालो.

तिथे पोचलो तेव्हा बावीस टक्के. हॉटेलच्या कोपऱ्यात मशीन उभं. स्क्रीन काळी. हॉटेलातल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "ते बंदच हाय की. पंधरा दिस झाले. कंपनीचा माणूस आलता, फोटू काढून गेला." मी त्याला मोबाईल दाखवला, त्यावर तेच मशीन हिरवं. तो हसला. "आमच्याकडं रोज दोन-तीन गाड्या येत्यात, आन् अशाच मोबाईल दाखिवत्यात."

कंपनीच्या नंबरवर फोन केला. इंग्रजी की हिंदी ते निवडा, वाट बघा, गाणं ऐका. शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, तिकीट रेझ केलं आहे." मराठीत याचा अर्थ काहीही होणार नाही असा आहे.

पुढचं मशीन वीसेक किलोमीटरवर. एसी बंद केला, ट्रकच्या मागे पन्नासच्या वेगाने गेलो. बाहेर ऊन, मागच्या सीटवर एक्काहत्तर वर्षांची बाई. तिथे दोन गनपैकी एकच चालू, आणि आमच्या पुढे दोन गाड्या. त्यातली एक टॅक्सी, शिर्डीहून भाडं घेऊन आलेली. त्या ड्रायव्हरचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. आमची वेळ गेली, त्याची त्या दिवसाची कमाई गेली. नंबर लागायला एक वाजला, आणि मशीन इतकं हळू चालत होतं की पुण्यापर्यंत पुरेल एवढं चार्ज व्हायला सव्वादोन झाले. पुढे शिरूर ते वाघोलीची कोंडी तुम्हाला सांगायला नको.

एक गोष्ट मला परत येताना कळली. आईने नेवाशानंतर पाणीच प्यायलं नव्हतं. का, तर दुसऱ्या मशीनपाशी बाईमाणसाला जायची सोय नव्हती. मशीन एका बंद पडलेल्या ढाब्याच्या आवारात होतं. शुगरचं पेशंट, भर उन्हात, तीन तास पाण्याविना. चार्जिंग स्टेशनचं लोकेशन ठरवताना कुणाच्या कागदावर हा मुद्दा असतो का?

आता सरकारी कागद बघू. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या: महामार्गावर दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरला एक चार्जिंग स्टेशन. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणातही राष्ट्रीय महामार्गांवर २५ किलोमीटरचंच अंतर आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ फास्ट चार्जिंग स्टेशनसाठी ८०० कोटी मंजूर केले, त्यातले ५६० कोटी पहिल्या हप्त्यात दिले. आता पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी आणखी २,००० कोटी ठेवलेत.

या सगळ्यात मोजमाप एकच दिसतं, मशीन बसवलं की नाही. बसवलं की आकडा वाढतो, नकाशावर ठिपका येतो, मंत्र्यांच्या भाषणात एक ओळ येते. ते मशीन मंगळवारी दुपारी बारा वाजता चालू होतं का, हे विचारणारं कुणी नाही. आपल्याकडे हातपंपांचं हेच झालं. गावात हातपंप किती, याची नोंद पंचायत समितीत असायची. पाणी किती पंपांना येतं ते फक्त बायकांना माहीत असायचं.

बाहेर कसं चालतं बघा. ब्रिटनने २०२३ मध्ये कायदेशीर नियम केला आणि नोव्हेंबर २०२४ पासून तो लागू झाला: रस्त्यावरचे वेगवान चार्जर वर्षभरात सरासरी ९९ टक्के वेळ चालू असलेच पाहिजेत, नाहीतर कंपनीला दंड. तिथे चार्जरची चालू-बंद माहिती सगळ्यांना खुली ठेवावी लागते. अमेरिकेत सरकारी पैशातून महामार्गावर चार्जर बसवायचा तर ९७ टक्के वेळ चालू राहण्याची अट आहे. तिथलं सगळं गोडच आहे असं नाही, पण निदान अट लिहिलेली आहे. अट असली की जाब विचारता येतो.

पैसे भरण्याचंही तेच. ब्रिटनच्या त्याच नियमात वेगवान चार्जरवर साधं कार्ड टेकवून पैसे देता आले पाहिजेत, असं बंधन आहे. आपल्याकडे? सिंदखेडराजाच्या पानटपरीवर सात रुपयांचे पैसे क्यूआर कोडवर घेतात. आणि लाखो रुपयांच्या चार्जरला मात्र आधी अ‍ॅप डाउनलोड करा, ओटीपी घ्या, वॉलेटमध्ये किमान अमुक रुपये टाका. मोबाईलला रेंज नसली तर बसा. मेहुण्याच्या मोबाईलमध्ये सहा कंपन्यांची सहा अ‍ॅप आहेत, आणि त्यात मिळून अकराशे रुपये अडकलेत. भारताच्या यूपीआयचं कौतुक सगळं जग करतं म्हणे. मग महामार्गावरच्या चार्जरला एक साधा क्यूआर चिकटवायला कुणाची परवानगी लागते?

चार्जर चालवणाऱ्यांची बाजूही ऐकली आहे. आमच्याच भागातल्या एका हॉटेलवाल्याने सांगितलं, दिवसाला चार गाड्या येतात, विजेचा स्थिर आकार भरावाच लागतो, फीडर ट्रिप झाला की मशीन एरर दाखवतं आणि ते रीसेट करायला कंपनीचा माणूस दोन जिल्ह्यांपलीकडून येतो. खरं आहे. ग्रामीण भागात चार्जर चालवणं सोपं नाही. पण म्हणूनच मी म्हणतो, अनुदान बसवण्याला न देता चालू ठेवण्याला द्या. मशीन जितके तास चालू, तितके पैसे. बघा दोन जिल्ह्यांपलीकडचा माणूस कसा दोन तासांत येतो ते.

काही जण म्हणतील, ईव्ही ही पैसेवाल्यांची खेळणी, आम्हाला काय त्याचं? तर ८०० कोटी पैसेवाल्यांच्या खिशातून आलेले नाहीत. आणि त्या शिर्डीच्या टॅक्सीवाल्याने कर्ज काढून गाडी घेतलीय. उद्या आपल्या तालुक्यातली पोरंही भाड्याला ईव्हीच घेणार, कारण किलोमीटरला पडणारा खर्च त्यांना दिसतो. घरच्या विजेवर तर फारच स्वस्त पडतं. रस्त्यावर मात्र युनिटला वीस रुपयांच्या आसपास मोजा, त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडी घेताना जीएसटी ५ टक्के आणि चार्ज करताना १८, हे गणित कुणीतरी मला समजावून सांगा.

ऑगस्ट २०२५ पासून समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ झाला. चांगली गोष्ट. पण माझ्या आईला टोलमाफी नको होती, एक चालू मशीन आणि एक स्वच्छ संडास हवा होता.

हे बदलेपर्यंत ज्यांना लांब जायचंच आहे त्यांच्यासाठी, ठेच खाऊन शिकलेलं सांगतो.

थांबा निवडताना मशीन किती अंतरावर आहे ते नंतर बघा, तिथे गन किती आहेत ते आधी बघा. एकटं मशीन असलेल्या ठिकाणावर प्रवास टांगू नका. आम्ही संभाजीनगरला बेचाळीस टक्के आहे म्हणून पुढे गेलो, तीच घोडचूक. शहरात पाच-सहा पर्याय होते. जिथे चार खानावळी आहेत तिथे भूक नसली तरी जेवून घ्यावं, पुढच्या फाट्यावरच्या एकुलत्या खानावळीचा भरवसा धरू नये.

अ‍ॅपचा हिरवा ठिपका बघू नका, त्याच अ‍ॅपमध्ये त्या मशीनवर शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघा, लोकांनी काय लिहिलंय ते तारखेसह वाचा. काल कुणी चार्ज केलं असेल तर विश्वास ठेवा. तीन आठवड्यांत कुणीच केलं नसेल तर समजून जा. आणि निघण्याआधी हॉटेलला फोन करा, कंपनीला नको. खरं काय ते गल्ल्यावरचा माणूस सांगतो.

पाटीवरच्या किलोवॅटला भुलू नका. साठ किलोवॅटच्या मशीनवर दोन गाड्या लागल्या की बऱ्याच ठिकाणी तीस-तीस होतात. पंचेचाळीस युनिटची बॅटरी वीस टक्क्यांवरून ऐंशीवर न्यायला सत्तावीस युनिट लागतात. म्हणजे तुमचा अर्धा तास शेजारी दुसरी गाडी आली की तासाभराचा होतो. तुमची गाडी जास्तीत जास्त किती किलोवॅट घेते तेही माहीत असू द्या. पन्नास घेणारी गाडी एकशे वीसच्या मशीनला लावली तरी पन्नासच घेणार, तिथे जागा अडवू नका. आणि ऐंशी टक्क्यांनंतर गाडी लावून जेवायला बसणाऱ्यांनो, हात जोडतो. ऐंशीच्या पुढे चार्जिंग फार मंदावतं. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी तुम्ही मागच्या माणसाचा तास खाता. एकदा खूप थांबण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं थांबलेलं वेळेच्या हिशेबात परवडतं.

समृद्धीवर आणखी एक. तिथे वाटेत वळता येत नाही. मशीन पलीकडच्या बाजूला असेल तर पुढच्या इंटरचेंजला उतरून परत फिरावं लागतं. अ‍ॅप म्हणतं दोन किलोमीटर, गाडीला पडतात चाळीस. आणि पंचवीस टक्क्यांच्या खाली जायची सवय लावू नका. ती शिल्लक पुढच्या बंद मशीनसाठी असते.

पण मला सांगा, हे सगळं गाडीवाल्याने का करायचं? पेट्रोल भरायला जाताना आपण पंपाला आधी फोन करतो का?

माझी मागणी साधी आहे, आणि ती चार्जिंगसाठी राज्याची नोडल एजन्सी असलेल्या महावितरणकडे आणि आपल्या जिल्हा प्रशासनाकडे आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक सार्वजनिक चार्जरची यादी, तो गेल्या महिन्यात किती तास चालू होता, त्याची दुरुस्ती कुणाकडे आणि तिथे संडास-पाणी आहे का, हे दर महिन्याला जाहीर करा. पैसे लागत नाहीत याला. यासाठी मी माहिती अधिकाराचा अर्ज टाकलाय. उत्तर आलं की इथेच टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन.

आणि आता माझ्याबद्दल. दीड वर्षापूर्वी आपल्याच भागात एका चार्जिंग स्टेशनचं उद्घाटन झालं. फीत, नारळ, हार, सेल्फी. ती बातमी मीच केली होती. चार कॉलम, फोटोसह, मथळ्यात 'पर्यावरणपूरक पाऊल'. त्यानंतर तिथे मी एकदाही गेलो नाही. पुण्याहून परत आलो आणि परवा गेलो. मशीनवर प्लास्टिकचं कव्हर, दोरीने बांधलेलं. समोर केळीची गाडी. केळीवाला म्हणाला, "भाऊ, मी हितं आठ महिन्यांपासून लावतो, कोणी उठवत नाही, म्हणून हितंच लावतो." कव्हर काढून बघितलं, गनच नव्हती. केबल कापून नेलेली.

फोटो काढलाय. उद्घाटनाचा जुना फोटो आणि परवाचा, दोन्ही शेजारी-शेजारी या गुरुवारच्या अंकात येतील. तुमच्या गावातल्या चार्जरचा आजचा फोटो तारीख आणि वेळेसह कमेंटमध्ये टाका. चालू असेल तर चालू म्हणून टाका, तीही बातमी आहे.