डोलकाठी धातूची, रूप लाकडाचे

धातूला लाकडाचे रूप देण्याच्या कामाकडे आमचे कारागीर बांधव हलके काम म्हणून पाहतात. व्यापारी बांधव तर त्याला सरळ नकली माल म्हणून मोकळे होतात. आमच्या मते हे दोन्ही समज चुकीचे असून त्यात नुकसान आपलेच आहे.

शिडाच्या होडीचे उदाहरण घेऊ. पूर्वी डोलकाठीसाठी मलबारच्या जंगलातील उंच, सरळ पून झाडाला मोठी मागणी असे. आज तसे लाकूड मिळणे कठीण, आणि मिळाले तरी दर हंगामाला वॉर्निशचे हात मारावे लागतात. ऊन वॉर्निश फोडते, फटीत पाणी मुरते आणि लाकूड कुजते. म्हणून ॲल्युमिनियमची डोलकाठी आली. ती हलकी आहे व कुजत नाही. पण जुन्या लाकडी होडीवर ती चकाकणारी नळी शोभत नाही. मालकाला काठी धातूची आहे हे माहीत असते, त्याला फक्त रूप लाकडाचे हवे असते. यात फसवणूक कसली?

हा हुनर मुंबईला नवा नाही. परळच्या राजकमल कलामंदिरात 1942 पासून चित्रपट तयार होऊ लागले. अशा स्टुडिओंच्या सेटवर प्लायवूडला सागवानी रूप देणे हे रंगाऱ्यांचे नेहमीचे काम. गिरगाव, लालबागच्या जुन्या चाळींत कुजलेल्या लाकडी खांबाच्या जागी लोखंडी गर्डर बसतो, तेव्हा शेजारच्या खांबाशी त्याचा रंग जुळवून देणाराही असाच एखादा उस्ताद असतो.

आता पावडर कोटिंगची भट्टी आली आहे. खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्टीवर लाकडाच्या रेषा छापलेली फिल्म गुंडाळतात, भट्टीत सुमारे 200 अंशांवर तापवतात आणि ती शाई रंगाच्या थरात उतरते. एकसारख्या शेकडो पट्ट्यांच्या कामात हाताने या भट्टीशी दराची स्पर्धा करू नये, हे आमचे स्पष्ट मत आहे. पण वर निमुळती होत गेलेली, खिळे-कड्या बसवलेली जुनी डोलकाठी भट्टीवाला सहसा घेणार नाही. शेजारच्या शंभर वर्षांच्या लाकडाशी रंग जुळवणेही भट्टीला जमत नाही. आपला बाजार तिथे आहे.

मात्र तिथे टिकायचे तर अस्तर पक्के हवे. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच एक पातळ थर चढतो आणि त्यावर मारलेला रंग पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून आधी तेल व मीठ धुऊन काढावे, पॉलिश पेपर मारावा आणि त्याच दिवशी ॲल्युमिनियमला चालणारा प्रायमर लावावा. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण रुतून नंतर गंजतात. स्टीलचा स्क्रू जिथे ॲल्युमिनियमला टेकतो तिथे मध्ये प्लास्टिकची चकती घालावी. नाही तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते व रंगाला फोड येतात.

यानंतर फिकट पिवळसर हात आणि त्यावर पातळ तपकिरी हात देऊन ब्रश व फणी लांबीच्या दिशेने ओढावी. हौसेने गाठी काढू नयेत. डोलकाठीचे लाकूड सरळ रेषेचे, गाठी नसलेलेच निवडले जाई, त्यामुळे गाठ दिसली की जाणकार हसतो. शेवटी उन्हाला टिकणाऱ्या पारदर्शक पॉलियुरेथेनचे निदान दोन हात द्यावेत.

हे दोन डब्यांचे पॉलियुरेथेन फवारताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडतो आणि एकदा जडला की रंगाऱ्याला हे काम कायमचे सोडावे लागते. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क महाग पडतो, पण तो मालकाने द्यायलाच हवा. नाही तर हे काम ब्रशनेच करावे. शागिर्दाची छाती खर्ची घालून मिळवलेल्या नफ्याला आम्ही धंदा म्हणत नाही.

एक गोष्ट व्यापारी बांधवांसाठी. बिलावर 'ॲल्युमिनियम, हाताने लाकडी ग्रेनिंग' असे स्पष्ट लिहा. धातू लाकूड म्हणून विकला तर ती फसवणूकच, आणि एका दुकानाच्या खोटेपणाने सगळ्या गल्लीचे नाव जाते. खरे सांगून विकले तर गिऱ्हाईक धातूच्या टिकाऊपणाचे पैसे देते आणि हाताच्या कसबाचेही. कारागिरानेही फुटावर दर लावण्याऐवजी प्रायमर, ग्रेनिंग आणि वरचा हात यांचा मेहनताना वेगवेगळा मांडावा. ज्या कामाची किंमत आपणच मांडत नाही, ते काम आपली मुले तरी का शिकतील?