‘बाहेरचं’ म्हणण्याआधी साखर तपासा : शरीर आणि मन वेगळं नाही

घरातला माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, ओळखीच्या माणसांना ओळखेना, अंगावर धावून जाऊ लागला, तर आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो ‘बाहेरचं’. दुसरा निघतो ‘डोक्यावर परिणाम’. दोन्हींमागे समजूत एकच असते : शरीर वेगळं आणि मन किंवा आत्मा वेगळा. शरीर बिघडलं की डॉक्टर, मन बिघडलं की मांत्रिक. माझ्या मते या समजुतीमुळे उपचारांचा मोलाचा वेळ जातो, आणि काही वेळा जीवही जातो.

ही समजूत फार पूर्वीच काही विचारवंतांनी नाकारली होती. ग्रीसमध्ये एपिक्युरस (इ. स. पूर्व 341 ते 270) नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचं म्हणणं असं, की आत्मासुद्धा अतिसूक्ष्म कणांचाच बनलेला असतो आणि तो सगळ्या शरीरात पसरलेला असतो. शरीराशिवाय त्याला जाणीव राहत नाही. त्याचा रोमन अनुयायी ल्युक्रेशियस याने त्यासाठी रोजच्या पाहण्यातले दाखले दिले. दारू पोटात जाते, पण भान सुटतं. तापात माणूस बरळतो. फिट आली की शुद्ध हरपते. आणि औषधाने जसं शरीर बरं होतं, तसं मनही बरं होतं. मन शरीराहून अगदी निराळं असतं, तर हे घडलंच नसतं.

आपल्याकडे चार्वाकांनी हेच सांगितलं. त्यांचे मूळ ग्रंथ उरले नाहीत, पण विरोधकांनी लिहून ठेवलेल्या मतांतून ते कळतात. आंबवण्याचे पदार्थ एकत्र आले की त्यातून नशा तयार होते, तसं पृथ्वी, पाणी, तेज आणि वायू यांच्या मिश्रणातून चैतन्य तयार होतं, असं ते म्हणत.

एपिक्युरसचं सगळंच बरोबर नव्हतं. मन छातीत असतं असं तो मानायचा; आज आपल्याला माहीत आहे की ते मेंदूचं काम आहे. मृत्यूनंतर काय होतं, यावर मी इथे बोलत नाही. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण जिवंत माणसाच्या बाबतीत एपिक्युरसचा धडा पक्का लक्षात ठेवा.

‘डोक्यावर परिणाम’ झाल्यासारखी लक्षणं अनेक शारीरिक कारणांनी दिसू शकतात :

• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलं, की साखर उतरते. घाम, थरथर, बरळणं, चिडणं सुरू होतं.
• म्हाताऱ्या माणसांत लघवीचा संसर्ग झाला किंवा रक्तातलं सोडियम कमी झालं, तरी भ्रम होतो.
• थायरॉइडचा त्रास किंवा बी-12 ची कमतरता असेल, तर उदासी आणि विसराळूपणा येऊ शकतो.
• आपला भाग कापसाचा. फवारणीनंतर लाळ, घाम, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या आणि गोंधळलेपणा दिसला, तर ती विषबाधा असू शकते.

हे उलट दिशेनेही घडतं. नैराश्यात अंग दुखतं, झोप उडते, भूक मरते. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस नाटक करतो असं नाही. त्याला ‘मन खंबीर कर’ सांगणं म्हणजे मधुमेह झालेल्याला ‘साखर कमी कर बघू’ असं नुसतं तोंडाने सांगण्यासारखं आहे.

मानवतकरांना या विषयाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. 1972 ते 1974 या काळात आपल्या गावात मुली-बायकांच्या हत्या झाल्या. पिंपळावरच्या मुंजाला हे बळी दिले गेले, असं खटल्यात सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. ते टोक होतं, हे खरं. पण भूत उतरवण्यासाठी आजारी माणसाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे प्रकार त्याच समजुतीतून येतात. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार हा गुन्हा आहे.

मग काय करायचं? माणूस शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल, तर साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल किंवा फिट आली असेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. उदासी किंवा जीव नकोसा होण्याचे विचार असतील, तर टेलिमानसच्या 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

देवाचं नाव जरूर घ्या. पण आधी साखर तपासा, आणि गोळी वेळेवर घ्या.