दाखवायची प्रत, जपायची प्रत

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेले. नवी पोफळ लावली तर तिची सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. वाड्या पुन्हा उभ्या राहतील, काही राहिल्याही आहेत. परंतु जुनी वाडी कशी दिसत होती, एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीच्या शेंड्यावर झेपावत सुपारीचे घड उतरवणारा माणूस कसा दिसे, हे नातवंडांना दाखवायचे कोठून?

याचे उत्तर बऱ्याच घरांत आहे आणि ते कपाटाच्या वरच्या फळीवर धूळ खात पडले आहे. लग्नाची व्हिडिओ कॅसेट! मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाच्या मागे, मांडवाच्या पलीकडे, ती वाडी उभी असते. चित्रण करणाऱ्याने ती मुद्दाम टिपलेली नव्हती. तो आहेर देणाऱ्या मंडळींची रांग टिपत होता. पण गावाचा खरा इतिहास असाच अनवधानाने नोंदला जातो. गौरी-गणपतीचा नाच, नारळी पौर्णिमेला सजलेल्या होड्या, आखातातून सुटीवर आलेल्या मुलाने हौसेने केलेले घरादाराचे चित्रण, असे कितीतरी या काळ्या डब्यांत बंद आहे.

आणि ते मरत आहे. चित्रफीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तो चिकट थर ओलावा धरतो, फितीच्या कडांवर पांढरी बुरशी चढते आणि एखाद्या दिवशी फीत यंत्रात अडकून फाटते. यंत्र तरी कोठे आहे? व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. म्हणजे फीत शाबूत राहिली तरी ती वाचणारे यंत्र आज ना उद्या मिळेनासे होणार.

श्रीवर्धनकरांना ही अडचण नवी वाटू नये. ज्या बाळाजी विश्वनाथ भटांचे हे गाव, ते १७१३ मध्ये पेशवे झाले आणि त्यांच्या घराण्याच्या कारभाराचे कागद पुढे पुण्याच्या दफ्तरात रुमालांत बांधून राहिले. कागद टिकले, शाईही टिकली. पण मोडी लिपी वापरातून गेली आणि वाचणारे विरळ झाले. राजवाड्यांनी गावोगाव फिरून कागद गोळा केले, त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये आला. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ती मोडीतून बाळबोधीत केलेली रूपांतरेच होती. उलट दिवेआगरचा शके ९८२ मधला, म्हणजे इ. स. १०६० चा ताम्रपट पाहा. त्याला वीज लागत नाही की यंत्र लागत नाही. आपण मात्र तांब्यावरून फितीवर आणि फितीवरून फाइलवर आलो. सोय वाढत गेली, आयुष्य घटत गेले.

आजचा तरुण यावर म्हणेल, "त्यात काय, यूट्यूबवर टाका!" सल्ला अर्धा बरोबर आहे. यूट्यूबवर २३ एप्रिल २००५ रोजी पहिली चित्रफीत चढली, ती होती प्राणिसंग्रहालयातील अवघ्या १९ सेकंदांची. पुढच्याच वर्षी गूगलने ते संकेतस्थळ १६५ कोटी डॉलरना विकत घेतले. जगाला आपले घर फुकट दाखवण्याची सोय त्याने केली, याबद्दल कृतज्ञ असावे. परंतु ते दुकान आहे, कोठार नव्हे. आपण दिलेली फाइल तेथे लगेच वेगवेगळ्या आकारांत दाबून रूपांतरित होते, आणि पुढे परत उतरवून घेतली तर हाती येते ती दाबलेली प्रत. लग्नाच्या कॅसेटवर त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सिनेमाची गाणी चढवलेली असतात. हक्क राखणारी यंत्रणा ती ओळखते आणि कधी कधी चित्रफीत मुकी होऊन बसते.

दुकानदार दुकान बंदही करतो. गूगलचेच 'गूगल व्हिडिओ' २०१२ मध्ये मिटले. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले. मायस्पेसवर २००३ ते २०१५ या काळात लोकांनी ठेवलेली गाणी व चित्रफिती सामान हलवताना गहाळ झाल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. आपल्याकडे निसर्ग वादळ येऊन महिना होत नाही तोच, २९ जून २०२० रोजी, टिकटॉकवर बंदी आली. बंदीची कारणे काही असोत. पण ज्यांनी आपली चित्रणे तेवढ्या एकाच ठिकाणी ठेवली होती, त्यांच्या हाती काय राहिले?

म्हणून प्रत्येक गावाने, निदान प्रत्येक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने, स्वतःचे एक छोटे चित्रफीत-संकेतस्थळ चालवावे असे मला वाटते. हे स्वप्नरंजन नाही. फ्रान्समधील फ्रामासॉफ्ट या संस्थेने अशाच कामासाठी 'पीअरट्यूब' नावाची फुकट प्रणाली केली आहे, तिची पहिली पक्की आवृत्ती २०१८ मध्ये आली. तिच्या पोटात रूपांतराचे काम करते ती 'एफएफएमपेग' ही प्रणाली, फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली सुरू केलेली. तीही फुकट. पैसे लागतात ते संगणकाला, साठवणुकीच्या डिस्कना, सर्व्हरच्या भाड्याला आणि विजेला. त्याहून जास्त लागते ती एका चिकट माणसाची चिकाटी. कारण रूपांतर सुखासुखी होत नाही.

ते का बिघडते, हे समजायला फार गणित लागत नाही. फाइल म्हणजे जेवणाचा डबा. एमपी४, एव्हीआय ही डब्याची नावे. आत चित्र आणि आवाज कोणत्या पद्धतीने दाबून भरला आहे ही वेगळी गोष्ट. डबा ओळखीचा आणि आतला पदार्थ अनोळखी असला की पडदा काळा राहतो आणि नुसता आवाज येतो. दाबण्याला पर्यायही नाही. जुन्या कॅसेटचे एक तासाचे चित्र न दाबता साठवले तर सुमारे ७५ गिगाबाइट होते. दाबल्यावर एक-दीडमध्ये मावते. त्यासाठी यंत्र एक चित्र पूर्ण ठेवते आणि पुढच्या चित्रांत काय बदलले एवढेच नोंदते. म्हणून मधला एखादा तुकडा खराब झाला की नवरीचा चेहरा विरघळून भटजींच्या अंगावर पसरतो.

नेहमीच्या तक्रारी मोजक्याच आहेत. हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात, कारण जुने दूरदर्शन सेकंदाला २५ चित्रे सम आणि विषम ओळींत वाटून दाखवी. त्या ओळी नीट सांधून घ्याव्या लागतात. सगळी माणसे ठेंगणी आणि रुंद दिसतात, कारण चारास तीनचे चित्र सोळास नऊच्या पडद्यावर ताणले गेलेले असते. मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो, कारण झिजलेल्या फितीवरची काही चित्रे उतरवताना गळलेली असतात. मोबाइलवरचे चित्रण अर्ध्यात वीज किंवा बॅटरी गेली की उघडतच नाही. एमपी४ची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते आणि ती लिहायची राहून गेलेली असते. पुष्कळदा त्याच मोबाइलवरची दुसरी चांगली फाइल नमुना म्हणून देऊन ती पुन्हा बांधता येते. संकेतस्थळावर चढवलेली चित्रफीत तासन्‌तास 'रूपांतर चालू आहे' एवढेच सांगत राहिली तर आधी डिस्क भरली आहे का ते पाहावे, मग स्मरणशक्ती अपुरी पडते का ते. यंत्र आपल्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवत असते. त्या नोंदीच्या शेवटच्या दहा ओळी वाचण्याऐवजी आपण संगणक बंद करून पुन्हा चालू करतो, हा आपला राष्ट्रीय उपाय झाला आहे.

या साऱ्या खटपटीतून एक नियम निघतो, आणि तो बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो. खातेवह्यांवरून संगणकावर जाताना जुनी वही त्याच दिवशी रद्दीत जात नसे. दोन्हीकडची शिल्लक जुळवायची, जुळल्याची सही करायची आणि वही बांधून ठेवायची. येथेही तेच. फितीवरून पहिल्यांदा उतरवलेली, कमीत कमी दाबलेली प्रत ही जपायची प्रत. तिला हात लावायचा नाही. तिच्यापासून केलेली हलकी प्रत ही दाखवायची. ती संकेतस्थळावर ठेवा, यूट्यूबवर ठेवा, बिघडली तर पुन्हा करा. दाबलेल्यावरून दाबलेली आणि त्यावरून आणखी दाबलेली असे करत गेले की दर पिढीला चित्र अंधुक होत जाते. जपायची प्रत दोन डिस्कवर हवी आणि त्यांतली एक किनाऱ्यापासून दूर, पुण्यामुंबईच्या नातेवाइकांकडे. एकाच छपराखाली सारे ठेवल्याचा परिणाम काय होतो, ते जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या तेव्हा दिसले आहे.

आणि सगळेच दाखवायचे नसते. घरच्या लग्नात जेवणाच्या पंगतीत टिपलेल्या बायकामुलांना जगाने पाहावे असे त्यांना वाटेलच असे नाही. तेव्हा विचारल्यावाचून लावू नये. जपणे आणि दाखवणे वेगळे ठेवण्याचा हाही एक फायदा. जे आज दाखवता येत नाही ते निदान जिवंत राहते.

हे काम सरकारी योजनेची वाट पाहण्याजोगे नाही, कारण फीत वाट पाहणार नाही. येत्या सुटीत मुले गावी आली की त्यांच्याकडून घरातल्या कॅसेट बाहेर काढून घ्याव्यात, बुरशीची फीत यंत्रात न घालता आधी जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावी आणि उतरवून झाल्यावर घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीला पडद्यासमोर बसवावे. ही कोण, तो कोणाचा कोण, मागे दिसते ती वाडी कोणाची, हे विचारून वहीत लिहून घ्यावे. पिवळ्या नऊवारीतली ती बाई कोण होती, हे कोणतीही प्रणाली रूपांतर करून देणार नाही. ते सांगणारी आजी आज ओटीवर बसली आहे. तिला आजच विचारले पाहिजे.