ठोकळ्यांचा खेळ

गेल्या लेखात रेशनकार्डात नाव वाढविण्याविषयी लिहिले होते. त्यावर बरीच पत्रे व फोन आले, त्यांची उत्तरे सवडीने देईन. आजचा विषय अगदीच वेगळा आहे आणि तो लिहिताना मला थोडा संकोच वाटतो आहे. वस्तीतल्या पालकसभांतून मी मोबाईलवरच्या खेळांवर इतक्या वेळा तोंडसुख घेतले आहे की, त्यातल्याच एका खेळाची बाजू घेऊन मी लिहायला बसलो हे पाहून ओळखीची मंडळी हसतील. हसू देत.

प्रसंग घरचाच आहे. मुलगी बारावीला. रात्री साडेदहाला पाणी प्यायला उठलो तर हिच्यापुढे वही उघडी आणि हातात मोबाईल. त्यावर वरून रंगीत ठोकळे पडताहेत. मी काही न विचारता मोबाईल काढून घेतला आणि नको ते बोललोही. आम्ही रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून शिकलो, वगैरे. (खरे तर दिव्याखाली वडील शिकले. माझ्या लहानपणी घरात वीज आलेली होती. पण रागाच्या भरात माणूस वडिलांचे कष्टही आपल्या नावावर जमा करतो.) पोर एवढेच म्हणाली, "पप्पा, धडा संपला म्हणून दहा मिनिटं खेळत होते. तुम्ही एकदा खेळून बघा, मग बोला." नंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या रात्री कपाटात ठेवलेला तिचा मोबाईल मी बाहेर काढला. हा खेळ वाईट कसा, ते तिला पुराव्यानिशी सांगावे हा उद्देश. मान वर केली तेव्हा घड्याळात पाऊण वाजला होता.

खेळ ओळखीचाच निघाला. वाचकहो, १९९० च्या दशकात जत्रेत, एस.टी. स्टँडवर, स्टेशनाबाहेरच्या पथारीवर हातात मावणारे एक प्लॅस्टिकचे यंत्र विकायला असे. त्यावर '९९९९ इन वन' असे छापलेले असायचे आणि आत खेळ मात्र मोजकेच, तेच वेग बदलून पुन्हा पुन्हा. आम्ही त्याला ब्रिक गेम म्हणायचो. आमच्या चाळीत एकच होता आणि त्यासाठी नंबर लागायचा. त्यातला मुख्य खेळ म्हणजे टेट्रिस. तोच हा, आता रंगीत झालेला.

हा खेळ मुळात बाजारासाठी तयारच झाला नव्हता. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह नावाचा तरुण नोकरीला होता. त्याला कोड्यांचा नाद. पाच-पाच चौकोन जोडून केलेल्या बारा आकृत्या एका चौकटीत नेमक्या बसवायच्या, असे एक जुने कोडे आहे. ते त्याने संगणकावर आणायचे ठरवले. बारा आकृत्या फार होतात म्हणून त्याने चार चौकोनांच्या सात घेतल्या. उभी काठी, चौकोन, टी, एल, उलटा एल आणि दोन वाकड्या. ग्रीक भाषेत चारासाठी असलेला 'टेट्रा' हा शब्द आणि त्याचा आवडता टेनिस, यांवरून नाव पडले टेट्रिस. त्याच्या इलेक्ट्रॉनिका-६० या यंत्राला चित्र काढता येत नव्हते, पडद्यावर फक्त अक्षरे आणि चिन्हे उमटत. म्हणून पहिले ठोकळे त्याने कंसाची चिन्हे शेजारी शेजारी मांडून केले. ना रंग, ना आवाज. तरीही खेळ संगणकामागून संगणकावर पसरत गेला. साध्या पीसीवर तो नेण्याच्या कामात त्याला वदिम गेरासिमोव्ह या सोळा वर्षांच्या शाळकरी मुलाची मदत झाली. हक्क मात्र सरकारकडे राहिले. १९८९ साली निन्टेंडोच्या गेम बॉयवरून हा खेळ कोट्यवधी हातांत गेला, पण निर्मात्याला त्याचा मोबदला १९९६ नंतर, हक्क त्याच्याकडे आल्यावर मिळू लागला.

असो. इतिहासापेक्षा मला सतावणारा प्रश्न वेगळाच आहे. कंसांनी काढलेले ठोकळे खाली पडतात, आपण ते फिरवून रचतो. यात इतके गोड काय आहे?

सुरुवातीला पाजित्नोव्हला एक अडचण आली होती. ठोकळे रचता रचता पडदा काही क्षणांत भरून जाई आणि खेळ संपे. मग त्याच्या लक्षात आले की, जी आडवी ओळ पूर्ण भरली तिचे आता काही काम उरलेले नाही, ती काढूनच टाकावी. खेळाचा जीव तिथे आहे. जे नीट केले ते नाहीसे होते आणि जे चुकले ते ढिगाऱ्यात डोळ्यांसमोर राहते. कारकुनाला हे वेगळे सांगायला नको. निकाली निघालेली फाईल रेकॉर्डरूममध्ये जाते, तिची कोणी आठवण काढत नाही. प्रलंबित फाईल मात्र टेबलावरून रोज आपल्याकडे बघत असते. मग दिवसभर कचेरीत हेच सोसून आलेल्या माणसाला घरी पुन्हा तेच करण्यात आनंद का वाटावा?

मी यावर बराच विचार केला, आणि उत्तर माझ्याच जुन्या धंद्यात सापडले. बी.कॉम. झाल्यावर काही महिने मी एका दुकानदाराच्या वह्या लिहीत होतो. वर्षअखेरीला तेरीज जुळत नसे. फरक किती आला ते पाहायचे, त्याला ९ ने नि:शेष भाग गेला तर बहुधा कुठेतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले गेले असणार. मग पान-पान मागे जात ती एक नोंद हुडकायची. ती सापडून दोन्ही बाजू जुळल्या की दुकानदार चहाही विचारायचा नाही, पण मला मात्र सणासारखे वाटे. टेट्रिसमध्ये नेमके हेच सुख आहे. घाईत ठोकळा चुकीचा बसला की त्याच्याखाली एक घर रिकामे राहते. त्यावर आणखी ठोकळे चढतात. आता ते घर भरायचे तर आधी वरच्या ओळी एकेक करून पूर्ण करायच्या, म्हणजे त्या नाहीशा होतात, आणि गाडला गेलेला खड्डा पुन्हा उघडा पडतो. तो भरतानाचा आनंद चार ओळी एकदम उडवण्यापेक्षाही मोठा आहे, असे माझे मत झाले आहे. मुलीचे मत वेगळे आहे.

शिवाय चूक कोणाची, याबद्दल इथे वाद नाही. कचेरीत चूक झाली की टिपणीवर सह्या चार आणि दोषी शेवटी खालचा. इथे ठोकळा मी फिरवला, मीच सोडला. खेळाने काही लपवलेले नाही, पुढचा ठोकळा कोणता येणार तेही कोपऱ्यात दाखवलेले असते. चूक उघड दिसते, लहान असते आणि बहुतेक वेळा निस्तरता येते. बाहेरच्या जगात हे तिन्ही एकत्र कधी मिळते?

मुलीचा ओढा आहे तो काठीकडे. एका कडेला एक उभी पट्टी मोकळी सोडायची, बाकी चार ओळी भरत आणायच्या आणि काठीची वाट पाहायची. काठी आली की चारही ओळी एका फटक्यात साफ. निन्टेंडोच्या १९८९ च्या आवृत्तीत पहिल्या पातळीला एक ओळ उडवली तर ४० गुण मिळत, चार एकदम उडवल्या तर १२००. म्हणजे चार ओळी एकेक करून उडवल्या तर १६०, आणि धीर धरला तर साडेसातपट! पण काठी वेळेवर आली नाही तर ढिगारा डोक्यावर येतो. भिशीत नंबर लागण्याची वाट पाहणाऱ्यांना ही धडधड चांगली ठाऊक असेल.

आणि हा खेळ कधीच जिंकता येत नाही, ही आणखी गंमत. दोन वाकड्या आकृत्या आलटून पालटून येत राहिल्या तर कितीही हुशार खेळाडू असला तरी शेवटी हरतो, हे गणितज्ञांनी १९९० च्या दशकात सिद्ध करून ठेवले आहे. निन्टेंडोच्या टीव्हीवरच्या जुन्या आवृत्तीत २९ व्या पातळीनंतर बोटांना वेग झेपत नाही, तिथेच खेळ संपला, असे लोक कित्येक वर्षे धरून चालले होते. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातला १३ वर्षांचा मुलगा १५७ व्या पातळीपर्यंत पोचला आणि त्याच्यापुढे यंत्रच गोठून थांबले. मुलीने हे मला सांगितले तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला होता की, जणू यंत्र हिनेच थांबवले.

तिसऱ्या रात्रीनंतर मलाही त्रास झाला, तो सांगितला पाहिजे. डोळे मिटले की ठोकळे पडताना दिसू लागले. कचेरीतल्या कपाटातल्या फाईलींत मी मोकळी जागा शोधू लागलो. हे माझेच वेड नव्हे. हार्वर्डच्या संशोधकांनी काही जणांना हा खेळ खेळायला लावून झोप लागताना काय दिसते ते विचारले होते. २००० साली तो अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. पुष्कळांना पडणारे ठोकळे दिसले. त्यांत स्मृती गमावलेले काही रुग्ण होते. आपण खेळलो हेसुद्धा त्यांना आठवत नव्हते, तरी त्यांच्यातल्या काहींना झोपेच्या उंबरठ्यावर तेच आकार दिसले. एवढी ज्याची पकड, तो खेळ परीक्षेच्या वर्षात किती वेळ खेळावा हा प्रश्न उरतोच, आणि माझा मूळ राग अगदीच निराधार नव्हता, हे मी मुलीला ऐकवले.

तिने त्यावर दुसऱ्या खेळांचे नाव काढले. एकसारख्या तीन गोष्टी जुळवून फोडायच्या खेळांचा एक मोठा कुळवृक्ष आहे. १९९४ साली रशियातच 'शारिकी' हा तसा खेळ निघाला होता आणि २०१२ साली मोबाईलवर आलेला कँडी क्रश त्याच वळणाचा. तोही गोड, गोळ्यांसारखाच. पण त्यात हरलात की एक 'जीव' जातो, असे पाच गेले की थांबायचे. एक जीव परत यायला अर्धा तास. थांबवत नसेल तर पैसे मोजा, नाहीतर ओळखीच्यांकडे मागा. टेट्रिसमध्येही काठीची वाट पाहावी लागते, पण ती वाट पाहणे हाच खेळ आहे. इथे वाट पाहायला लावणारा दुकानदार आहे आणि त्याची नजर आपल्या खिशावर आहे. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अशा खेळात पगारातले पैसे घालवले आणि घरात महिनाभर अबोला होता. पालकांनी मोबाईल हिसकावण्याआधी खेळ कोणत्या जातकुळीचा आहे एवढे तरी पाहावे. मी पाहिले नव्हते.

आता आईचे सांगतो. माझी आई सहीपुरती शिकलेली. मोबाईल म्हणजे तिच्या लेखी फोन घेणे आणि ठेवणे. नातीच्या मागे बसून तिने दोन दिवस ठोकळे पडताना पाहिले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दे गं इकडं, तो चौकोन तिकडं न्यायला पाहिजे होता." कोणी नियम वाचून दाखवले नाहीत. वाचायला नियम आहेतच कुठे? या खेळाला भाषा नाही, इंग्रजी येते का हे तो विचारत नाही, किती शिकलात हेही नाही. जागा दिसली पाहिजे, बस्स. जन्मभर एका खोलीत सात माणसे, पेट्या, गोधड्या आणि पाण्याची पिंपे बसवलेल्या बाईला जागा दिसणार नाही तर कोणाला दिसणार! चौकोनाला ती पाट म्हणते, काठीला बांबू. वाकड्या आकृत्यांना जे म्हणते ते छापता येण्यासारखे नाही.

मोबाईल मी मुलीला परत दिला. ठरले ते असे की, एक धडा संपला की एक डाव, डाव हरला की वही. ती पाळते. एकदा डाव लवकर हरली तेव्हा आणखी एक मागितला, मी नाही म्हटले, तिने ऐकले. दिव्याखालच्या अभ्यासाचे खरे-खोटेही मी तिला सांगून टाकले. त्यावर "आजोबांचं माहीत होतं मला" एवढेच म्हणाली.

काल रात्री तिच्या एका डावात १४२ ओळी झाल्या, माझ्या ६१. हा लेख लिहीत असताना आईने आतून दोनदा विचारले, मोबाईल मोकळा झाला का.